पुढची गाडी

"यष्टी चुकली, पोरी. अक्षताला न्हाय पोचत आता."

उत्कर्षानं स्वतः ठरवलेल्या लग्नाच्या दिवशी फोनवर ऐकलेला वडिलांचा, आप्पांचा तो आवाज तिच्या कानातून कधी गेलाच नाही. मागं राहिलेल्या एका कोकरासाठी सारा कळप थांबवणारे आप्पा! मग तीही दिल्लीहून वर्षानुवर्षं एकच सांगत राहिली, "विमान आणि पुढची गाडी जुळत नाही, आप्पा."

आज ती गावी, लासुर्ण्याच्या घराच्या ओट्यावर आप्पांशेजारी बसली होती.

"तू काम तरी काय करतीस गं?"

"विमानं आणि वेगवान रेल्वे एकमेकांना किती जुळतात, ते तपासते. देशोदेशीचं."

"आन् लासुर्ण्याचंच तेवढं जुळंना व्हय?"

ती बांगडी फिरवत राहिली. "जुळत होतं, आप्पा. मीच निघत नव्हते."

आप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले, "त्या दिशी यष्टी फाट्यावर थांबली हुती, पोरी. मीच चढलो न्हाय."