टोकाला दहा

हार्लनने गोल्फ-गाडी आर्लीनच्या दारात थांबवली आणि उतरायच्या आधीच नाक मुरडलं. गॅरेजसमोरच्या सिमेंटवर कोणीतरी गुलाबी खडूने चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोनात एक आकडा.

"आर्लीन! हे शफलबोर्ड कोणी आखलंय?"

आर्लीन जाळीचं दार ढकलून बाहेर आली. हातात ओटा पुसायचं फडकं. "मीच. का रे?"

"साफ चुकलंय. त्रिकोण हवा, टोकाला दहा. त्याखाली दोन आठ, मग दोन सात. हे एक-दोन-तीन कुठून आणलेस? आणि चकत्या ढकलायच्या तर क्लबात ये की. दारात आखायला समितीची परवानगी लागते."

समिती म्हणजे बरीचशी हार्लनच. ॲरिझोनाच्या वाळवंटातली ही वसाहत वयस्कांची. हिरवळीच्या जागी हिरवी रंगवलेली खडी, आणि लहान मूल औषधालाही नाही. नातवंडांनी महिनाभर पाहुणं यावं आणि आपापल्या घरी जावं. मुलं नाहीत म्हणून शाळेचा करही नाही. त्यासाठी हार्लनच एके काळी दारोदार सह्या गोळा करत हिंडला होता, आणि आर्लीननेही हसत हसत सही ठोकली होती.

"पण मी त्यासाठी नाही आलो," तो म्हणाला. "समोरच्या मर्नाची तक्रार आहे."

समोरच्या खिडकीच्या पट्ट्या किंचित हलल्या.

"तिची कधी नसते? आता काय झालं?"

"तुझ्याकडून हसण्याचा आवाज येतो म्हणे. लहान मुलाच्या."

"टीव्ही असेल."

"आर्लीन, एप्रिलात ईस्टरला तुझी नात आली होती. आता जुलै संपत आला."

आर्लीनने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तिची आई अजून दवाखान्यातच आहे, हार्लन. कधी सोडतील कोणी सांगत नाही. कुठे पाठवू मी तिला?"

"मला काय बरं वाटतंय का हे बोलताना? पण इथे एक मूल राहतंय असं कळलं की कराची माणसं दारात उभी राहतील. मग सगळ्यांच्या डोक्यावर शाळेचा कर. लोक मला फाडून खातील."

"जन्मभर मास्तरकी केलीस ना रे? तेव्हा पगार कुठून यायचा? आभाळातून पडायचा?"

हार्लनने टोपी काढली आणि उगाचच डोकं पुसत राहिला. आर्लीनचं तोंड असं पहिल्यापासूनच तिखट. इतर वेळी त्याला ते आवडायचं.

बोलणं थांबलं, तशी गॅरेजमधून जूनी बाहेर आली. गोल्फ-गाडीची घरघर ऐकली की लपायचं, हे तिला आजीने शिकवलं होतं. आता सगळं शांत झालं म्हणजे माणूस गेला असणार. सहा वर्षांची पोर, पुढचे दोन दात पडलेले. तिने पहिल्या चौकोनात खडा टाकला, तो ओलांडून एका पायावर दोन-तीन उड्या मारल्या आणि समोर हार्लन दिसताच आहे तशी थिजली. एका पायावरच.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मी दिसले."

हार्लन चौकोनांकडे बघत राहिला, मग तिच्या पायाकडे. हे ठिकरीचे चौकोन त्याने किती वर्षं पाहिले होते! मधल्या सुट्टीत शाळेचं सगळं अंगण यांनीच भरलेलं असायचं. आणि आज तो त्यात शफलबोर्डचे नियम शोधत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"पाय टेक, पोरी," तो म्हणाला.

"टेकला तर आउट होते."

"हो की. मग चालू दे तुझं."

ती हलली नाही. "आजोबा, तुम्ही मला घालवायला आलात?"

आर्लीन फडकं घट्ट धरून हार्लनकडे बघत होती.

"खडू आण बघू," तो म्हणाला.

गुडघे कुरकुरत तो सिमेंटवर बसला आणि चौकोनांभोवती एक मोठा त्रिकोण काढू लागला. रेघ मास्तरांची होती, सरळ. टोकाला त्याने ठसठशीत दहा लिहिला.

"आता हे शफलबोर्ड. कोणी विचारलं तर सांग, समितीने स्वतः आखून दिलंय."

"आणि शाळा?" आर्लीनने विचारलं. "पुढच्या आठवड्यात उघडते."

"बस गेटबाहेर येते. माझ्या गाडीत गोल्फची पिशवी असते, ती काढून टाकतो. मावेल ही."

"कर लागला तर?"

"लागला तर पहिला मी भरेन. शिव्याही मीच खाईन. आता मला उठव."

पण उठणं जमेना. एक गुडघा सरळ व्हायला तयार नव्हता. आर्लीनने दंड धरून ओढलं, जूनीने टोपी धरून ओढली, टोपी हातात आली आणि समितीचे अध्यक्ष गोल्फ-गाडीच्या आड चारी पायांवर तसेच राहिले. जूनी फिसकन हसली. मग तिला आवरेचना.

समोरची खिडकी धाडकन उघडली. मर्नाला गाडीपलीकडे फक्त आर्लीनचं डोकं दिसत होतं.

"हार्लन! कुठे आहेस तू? ऐकलंस ना आता? कोण हसतंय ते?"

"आर्लीन हसतेय!" हार्लन खालूनच ओरडला.

ते खोटंही नव्हतं. आर्लीन गाडीच्या टपाला धरून, फडक्याने डोळे पुसत हसत होती. ईस्टरपासून पहिल्यांदाच.