एमव्हीपी

तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात मेधा एक फिल्म एडिट करत होती. बास्केटबॉल लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, म्हणजे एमव्हीपी पुरस्काराच्या इतिहासाची. आजवरचे सगळे विजेते तिनं कॅमेऱ्यासमोर बसवले होते. सगळे पस्तिशीच्या आतले, पण खुर्चीतून उठताना एकानं काठी मागितली, दुसऱ्याला बायकोनं धरून उठवलं.

"पुरस्कारानंतर खेळला नाहीत?" पडद्यावर तिचाच आवाज विचारत होता.

"गुडघेच गेले. फायनलला मात्र कळ म्हणून आली नाही. टीमच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं की झालं!" शेवटचा विजेता हसला. "तुमचेच मिस्टर ना ते? भला माणूस. प्रबोधना म्हणावं, आठवण काढली होती."

मेधा फिल्म तशीच टाकून घरी आली. सकाळी लंगडत शाळेत गेलेली अवनी हॉलमध्ये बॉल घेऊन उड्या मारत होती.

"अगं, गुडघा दुखत होता ना तुझा?"

"चिल लाह, आई! बाबांनी इंजेक्शन दिलं, आता काहीच दुखत नाही. उद्या स्कूल फायनलची एमव्हीपी मीच, बघ तू."