मागच्या खोलीतला आवाज

"ताई, सही करायच्या आधी एक विचारायचंय. ती गोष्ट तुझी की माझी?"

धाकटीने दारातूनच विचारलं. अजून चपलाही काढल्या नव्हत्या. धाकटी म्हणजे सहासष्ट वर्षांची, नावावर भयकथांची अकरा पुस्तकं. थोरली तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, अजूनही शेजारपाजारचं शिवण घेणारी. खिडकीशी बसून ती शाळेच्या एका स्कर्टची दुमड उसवत होती. मुलगी उंच झाली होती.

"आधी बस, ठके. कसली सही?"

ठकीने कागद पुढे केला. तिच्या पहिल्या कादंबरीवर सिनेमा निघणार होता. करारासोबत कंपनीने एक प्रतिज्ञापत्र पाठवलं होतं: ही कथा सर्वस्वी माझ्या कल्पनेतून उतरली आहे, अन्य कोणाकडूनही घेतलेली नाही. सकाळी त्या ओळीवर पेन टेकलं ते तिथेच राहिलं.

"काय एकेक तऱ्हा," ठकी म्हणाली. "नवं काही लिहून नेलं तर विचारतात, कुठल्या पुस्तकावरून? पुस्तक नेलं तर विचारतात, पुस्तक कशावरून?"

"सांगायचं, डोक्यावरून."

दोघी हसल्या. मग ठकीने पाय वर घेतले आणि भिंतीला टेकून बसली, लहानपणी बसायची तशी.

"जिन्याखालची ती गार फरशी आठवते तुला? दुपारी मोठी माणसं लवंडली की आपण तिथे पालथ्या पडायचो. तू माझ्या कानात सांगायचीस. मागच्या खोलीत 'ते' राहतं. त्याला स्वतःचा आवाज नाही. दारापाशी जो बोलेल त्याचा आवाज ते घेतं. म्हणून तिथून जाताना चवड्यांवर चालायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"आणि तू तोंडावर दोन्ही हात दाबून जायचीस. फ्रॉकची नाडी मागे लोंबत."

"आई आजोळी गेली होती, आणि ते आईच्या आवाजात रडायचं. माझ्या पुस्तकातला सगळ्यांना आवडलेला प्रसंग तोच, ताई. बाकी सगळं मी रचलं. पण तेवढं तू सांगितलेलं."

थोरलीने धाग्याचं टोक ओढलं. ते तुटलं.

"दिग्दर्शिका म्हणते, शेवटी दार उघडू या," ठकी सांगत राहिली. "चांगली आहे मुलगी. तेरा वर्षांची असताना माझं पुस्तक वाचून आठवडाभर आईला चिकटून झोपली होती म्हणे. पण मी बजावलंय, पुस्तकातला काना-मात्रासुद्धा बदलायचा नाही. दार बंद म्हणजे बंद. आत काय आहे हे मलाच कुठे माहीत आहे? तुला तरी माहीत होतं का?"

"होतं."

"काय?"

"आई होती."

खालच्या रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. थोरलीने कात्री खाली ठेवली.

"बाळ गेलं तेव्हाची गोष्ट. आपला भाऊ. तू सहा वर्षांची होतीस, तुला कोणी काही सांगितलं नाही. दोन महिने आई त्या खोलीत पडून होती. तू दिवसभर दाराशी उभी राहून 'आई, आई' करायचीस, आणि तू हाक मारलीस की तिला जास्तच भडभडून यायचं. बाबांनी मला सांगितलं, काहीही कर, पण हिला दारापासून लांब ठेव. मी अकरा वर्षांची. मी तरी काय करणार? सुचलं ते सांगितलं: आई आजोळी गेलीय, आत 'ते' आहे."

ठकी भिंतीपासून सरकून ताठ बसली. मग म्हणाली, "इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"आई होती तोवर तो विषय काढायचा नाही असं ठरलेलं होतं. ती गेली, तोपर्यंत तुझं पुस्तक आलं होतं. लोक म्हणायचे, काय डोकं आहे बाईचं! म्हटलं, कशाला उगाच?" थोरलीने कागद तिच्याकडे सरकवला. "कर सही. मी काही वाटा मागायला येत नाही."

"तुला आवडलं होतं का पुस्तक? खरं सांग."

"आवडलं. फक्त एक खटकलं." तिने स्कर्ट उचलून उजेडात धरला. जुनी दुमड होती तिथे कापडाचा रंग अजून गडद होता. "त्यात ती पोर एकटीच आहे. वाचताना सारखं वाटायचं, एवढ्याशा पोरीला त्या दारापाशी तू एकटं कसं सोडलंस?"

ठकीने पदराने डोळे पुसले. चष्मा लावला. प्रतिज्ञापत्रातल्या त्या ओळीवर शांतपणे एक आडवी रेघ मारली आणि फोन उचलला.

"हं, मीच बोलतेय. नाही, दार उघडायचं नाही, ते ठरलंय. पण एक बदल करायचाय. त्या मुलीला मोठी बहीण दाखवा. अकरा वर्षांची. सगळं तिला माहीत असतं आणि ती धाकटीचा हात धरून दारावरून पुढे नेते."

पलीकडून दिग्दर्शिकेचा गोंधळलेला आवाज थोरलीलाही ऐकू आला. "पण मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, काहीच बदलायचं नाही? पुस्तकात बहीण नाहीच आहे."

"हो," ठकी म्हणाली. "पुस्तकात राहून गेली."