घाटावरची दुरुस्ती

साळुबाई गेली त्या दुपारी हौशीराम पडवीत कांदे निवडत होता. आत टीव्हीवर पिक्चर चालला होता, मेलेल्या बैलाचा वाढदिवस करणाऱ्या माणसाचा. त्याची बायको साळुबाई तो दुसऱ्यांदा बघत होती. पहिल्या वेळी केक कापताना ती एवढी हसली होती, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं होतं. आता पुन्हा केक आला, टीव्हीतली माणसं टाळ्या वाजवू लागली, आणि आतून हसणं आलं नाही. हौशीरामनं हातातला कांदा खाली ठेवला. त्याला तिथंच कळलं.

दहाव्याला बोरी बुद्रुकच्या घाटावर चारशे माणूस जमलं. प्रवचन झालं, पिंडाला कावळा लगेच शिवला, आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. माईक दादाभाऊ गुरुजींच्या हातात होता. ते एकेक नाव पुकारत होते. सोसायटीचे चेअरमन बोलले, पंचायत समितीचे माजी सदस्य बोलले. दोघांचं भाषण एकच. माउली धार्मिक होत्या, मितभाषी होत्या, सदा हरिनामात असायच्या. तिसऱ्या पुढाऱ्यांना अजून डिंगोरे गावातला दहावा गाठायचा होता. ते घाईघाईत म्हणाले, "या माउलीला कुणी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नाही."

हौशीरामनं मान वर केली. मांडवात दुसरीच कुणी बाई वारली होती. आपण आत्ता गप्प बसलो तर लोकांच्या ध्यानात हीच बाई राहील, असं त्याला वाटलं. तो उठला.

"दाजी, खाली बसा," मागून मेहुणी वैजयंती दबक्या आवाजात म्हणाली.

"हौशीराम, घरच्यांनी बोलायचं नसतं," गुरुजींनी माईक मागे घेतला. "आभार तुझा पोरगा भरत मानंल."

"आभार न्हाई मानायचे गुरुजी. एक दुरुस्ती हाये."

गुरुजींनी नाइलाजानं माईक पुढं केला. तो हातात आला तसा हौशीराम जरा घाबरला. मग नेहमीच्या आवाजात बोलू लागला.

"साहेब म्हणले, ती हसत नव्हती. ती लई हसायची. हरिनाम एकादशीला घ्यायची. बाकीच्या दिवशी पिक्चर बघायची. नातीनं टीव्हीला नेट जोडून दिलं तवापास्नं रोज एक. मारामारीचा न्हाई, सासू-सुनेचा न्हाई. जगावेगळे, येड्यागत पिक्चर. नायतर ज्यात पोरं मोठी व्हतात त्ये."

बायकांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं.

"तिचं म्हणणं असं व्हतं, की इनोद करणाऱ्यानं हसू नये. त्यो हसला की आपलं हसू त्योच खाऊन टाकतो. एका पिक्चरमधी एक म्हातारा म्हशीला रोज पेपर वाचून दाखवतो. ही म्हणली, ह्यो खरा गडी, ह्याला आपण इनोदी हाये हे ठावंच न्हाई." हौशीराम थांबला. "मग माझ्याकडं बघितलं तिनं."

आता पुरुषही हसले. निघायला उठलेले पुढारी परत खुर्चीवर टेकले.

"आन् पोरांच्या पिक्चरला ती म्हणायची, हे लोक शेवटाला गाणं लावत्यात आन् म्हणत्यात पोरगं मोठं झालं. असं कुठं व्हतं? पोरगं मदीच कवातरी मोठं व्हतं. जेवताना. एक दिवस ते भाकरी मागत न्हाई, उठून सोता घेतं. आन् आईचं ध्यान चुलीकडं असतं." त्याची नजर भरतकडं गेली. भरत खाली बघत होता. "ते दाखवलं की पिक्चर खरा, नायतर बंद कर, म्हणायची. बास. एवढंच सांगायचं व्हतं. मितभाषी तर ती अजिबात नव्हती."

घाटावर एवढं हसू कधी ऐकलं नव्हतं. वैजयंती पदर तोंडाला लावून हसता हसता रडत होती. गुरुजींनी माईक घेतला आणि पुढचं नाव पुकारायचं सोडून आपलेच डोळे पुसले.

माणसं पांगली. हौशीराम पायऱ्यांवर कुकडी नदीकडं बघत बसला. त्याला बरं वाटत होतं. नात तेजस्विनी पत्रावळीवर थोडा भात घेऊन आली आणि शेजारी बसली.

"आबा, भारी बोललात राव. म्हशीचा पिक्चर मीच लावून दिला होता आज्जीला. तुम्हाला कसा वाटला?"

"म्या कुठं पाह्यला?"

"आणि पोरं मोठी होतात ते?"

"त्ये बी न्हाई."

"मग एवढं सगळं?"

"रातच्याला जेवताना सांगायची की ती. पिक्चर दोन तासाचा, हिचं सांगणं तीन तासाचं." त्यानं भाताचा घास घेतला. "म्हणायची, अहो, एकदा शेजारी बसून बघा. मी म्हणायचो, कांदा निवडून झाला की बसतो."

घरात सहा वर्षं रोज एक पिक्चर झाला होता. हौशीरामनं त्यातला एकही अजून पाहिला नव्हता.