चांदीचा झोपाळा

निवृत्तीच्या सत्कारात नगराध्यक्ष म्हणाले, "सुरक्षा अधिकारीसाहेबांच्या अख्ख्या कारकिर्दीत शहराच्या एकाही बागेत मूल पडलं नाही!" टाळ्या पडल्या. साहेबांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. नोकरीच्या सुरुवातीलाच एका झोपाळ्याची साखळी गंजलेली दिसली, तेव्हा ती बदलण्याऐवजी त्यांनी शहरातले सगळे झोपाळे काढून गोदामात टाकले होते. बागांत हिरवळ उरली आणि 'हिरवळीवर धावू नये' हा फलक. सत्कारात त्यांना भेट म्हणून छोटासा चांदीचा झोपाळा मिळाला. पहिल्या रांगेतली नात धावतच मंचावर आली. "आजोबा, हे काय असतं?" साहेबांनी तो तिच्यापुढे धरला. "झोपाळा. यावर बसून मुलं झोके घ्यायची." तिनं बोटानं ढकलला. तो झुलला तशी ती खुदकन हसली. "तुम्ही पडलात कधी?" "कितीदा तरी," असं म्हणतानाच त्यांचा हात सवयीनं झोपाळा थांबवायला पुढे गेला.