हनुवटीवरचा हिरवा ठिपका

लग्नाला महिना होतो न होतो तोच अभयने प्रणिताचा मोबाईल भिंतीवर आपटून फोडला. तेव्हापासून दर रविवारी तिला हडपसरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभं करायचं, आपल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि अकोल्याला सासूबाईंना पाठवायचा, हा त्याचा शिरस्ता. आठवडाभर हात चाललेला असे. म्हणून फोटो आधी लॅपटॉपवर घेऊन गालावरचे वळ तो अगदी निगुतीने पुसून काढी. "हस की जरा," वर म्हणायचा, "तुझ्या आईला वाटेल, मी छळतो तुला."

या खेपेला बुक्की हनुवटीवर बसली होती. हिरवंनिळं पडलेलं त्याने सगळं पुसलं, हनुवटी दुधासारखी लख्ख केली आणि फोटो धाडून दिला.

मंगळवारी सकाळी बेल वाजली. दारात सासूबाई, सुशीलाबाई. जावयाकडे न बघता त्यांनी लेकीची हनुवटी वर उचलली. सुजलेल्या निळ्या डागाच्या मधोमध, ती पाच वर्षांची असताना जत्रेत त्यांनीच गोंदवून घेतलेला हिरवा ठिपका होता. फोटोत तो नव्हता.

"अहो आई, तुम्ही अशा अचानक..." अभय म्हणतो आहे तोवर त्यांच्या हातातला लाडवांचा स्टीलचा डबा त्याच्या तोंडावर बसला. मग पुन्हा बसला. नाकातून रक्ताची धार लागली, तसा तो भिंतीला टेकत खाली बसला.

सुशीलाबाईंनी टेबलावरचा कॅमेरा उचलून लेकीच्या हातात दिला.



"काढ वं याचा फोटू. अन् काईच पुसू नको."