भागूनं दिलेला फेरा

एकाहत्तर सालची गोष्ट. बाजरी उफणायचा पंखा हातानं फिरवून माझ्या बायकोचा, भागूचा, खांदा भरून यायचा. बेअरिंगात एरंडेल घातलं की भुसा चिकटून पंखा आणखीच जड व्हायचा. शेवटी मी शेवगावला गेलो, काळं अन् पिवळं अशी दोन्ही ग्रीसं चिमटीत चोळून पाहिली आणि पिवळं आणलं. भागूनं हँडलला एकच फेरा दिला.

"अवं, थांबतच न्हाई की ह्यो!" म्हणून ती हसत सुटली.

भागूला जाऊन बारा वर्षं झाली. पंखा अजून त्याच फेऱ्यावर फिरतोय.

"मामा, लई थापा मारता," सून मुक्ता म्हणाली. "रोज सकाळी तुमीच हँडल फिरवता की."

"मग? तिच्या खांद्याला इसावा नको व्हय?"